सिलिकॉन वाढत गेलं, तसं पाणीही: नव्या घरातल्या खिडक्यांचं एक प्रकरण

घर आणि माणसं ओळखू येतील असे तपशील इथे गाळले आहेत. तांत्रिक बाजू मात्र जशी समोर आली तशीच मांडली आहे, कारण हीच चूक नव्या घरांत पुन्हा पुन्हा होताना दिसते आणि तिचा त्रास राहणाऱ्या माणसांना वर्षानुवर्षं होतो.

पार्श्वभूमी

घर दुमजली, स्वतंत्र. राहणारी माणसं पाच: नवरा-बायको, दोन मुलं आणि आजी. बांधकाम संपलं, प्लास्टर, पुट्टी आणि रंग एकामागोमाग उरकले आणि कुटुंब लगेच राहायला आलं. खिडक्या ॲल्युमिनियमच्या, सरकत्या, तीन ट्रॅकच्या. दोन पल्ले काचेचे, एक जाळीचा. काच एकेरी. वरच्या शयनखोलीत वाऱ्याच्या बाजूला एक मोठी खिडकी, जिन्याच्या वळणावर एक, खाली बैठकीत दोन. घराचा दर्शनी भाग सपाट दिसावा म्हणून छज्जे काढले नव्हते.

कामाचा क्रम सांगायला हवा. गवंड्याने भिंतीत जागा सोडली. खिडकीवाल्याने चौकटी बसवल्या. नंतर ग्रॅनाइटवाल्याने बाहेरून सिलची, म्हणजे खिडकीच्या तळाच्या कडेची, दगडी पट्टी आणून चौकटीला टेकवली. प्लास्टरवाल्याने कडा भरल्या, रंगाऱ्याने त्यावर हात फिरवला. प्रत्येकाने आपापल्यापुरतं काम उरकलं. पण सिलची पट्टी चौकटीच्या खालून जाणार की समोर येऊन टेकणार, हे कुणीच ठरवलं नव्हतं. या प्रकरणातलं निम्मं दुखणं तिथून सुरू झालं.

अडचण कशी वाढत गेली

पहिल्याच मोठ्या पावसात शयनखोलीच्या खिडकीतून पाणी आतल्या कट्ट्यावर आलं आणि भिंतीवरून खाली उतरलं. खिडकीवाला आला, त्याने बाहेरून चौकटीभोवती सिलिकॉनचा जाड थर फिरवला. खालची कडही सोडली नाही. पुढच्या पावसात पाणी आधीपेक्षा लवकर आलं. मग दुसरा थर बसला. मग बाहेरच्या भिंतीला पाणीरोधक रंग लागला.

थंडी सुरू झाल्यावर नवंच काही दिसू लागलं. सकाळी काचांच्या खालच्या कडेला पाण्याचे ओघळ, पडद्यामागच्या कोपऱ्यात काळे ठिपके, कपाट ओढलं तर मागे बुरशीचा पट्टा. घरच्यांनी ती जुनीच गळती धरली. कंत्राटदार म्हणाला खिडकी वाईट आहे, खिडकीवाला म्हणाला भिंत पाणी पिते, रंगारी म्हणाला भिंत वाळायच्या आत रंग लावायला लावला. पुढे कळलं की तिघांच्याही म्हणण्यात थोडं थोडं तथ्य होतं. म्हणूनच वाद मिटत नव्हता.

मला बोलावलं ते "कुठलं सिलिकॉन लावायचं एवढं सांगा" असं म्हणून.

आधी पाणी ओळखणं

पहिला निर्णय हा की तपासणी होईपर्यंत कुणीही काहीही बुजवायचं नाही. घरच्यांना तो पटायला वेळ लागला, आणि ते साहजिक होतं. डोळ्यांदेखत पाणी येत असताना हातावर हात ठेवून बसणं कुणालाही जड जातं. तोवर मोठ्या खिडकीवर बाहेरून ताडपत्री बांधली.

आजींना एक वही करायला सांगितली: पाणी कुठे दिसलं, किती वाजता, पाऊस होता का, वारा होता का, चिमणी किंवा गीझर चालू होता का. या वहीने सगळ्यात जास्त काम केलं. काही दिवसांच्या नोंदीतच स्पष्ट झालं की शयनखोलीत कोरड्या सकाळीही पाणी दिसत होतं. पाऊस नसताना दिसणारं पाणी बाहेरून आलेलं असण्याची शक्यता कमी. म्हणजे इथे एकाहून जास्त प्रकारचं पाणी एकत्र दिसत होतं.

दुसरी परीक्षा प्लास्टिकची. ओल दिसणाऱ्या भिंतीवर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद केला आणि दुसऱ्या दिवशी पाहिला. कपाटामागच्या भिंतीवर पाण्याचे थेंब खोलीकडच्या बाजूला होते, म्हणजे ते खोलीतल्या हवेतलं पाणी. खिडकीच्या खालच्या भिंतीवर मात्र प्लास्टिकच्या मागची बाजू ओली होती, म्हणजे ते भिंतीतून येत होतं. एकाच खोलीत, दोन हातांच्या अंतरावर, दोन वेगळी कारणं.

तिसरी परीक्षा ट्रॅकची, आणि ती कुणालाही घरी करता येते. ट्रॅकमध्ये हळूहळू तांब्याभर पाणी ओतायचं आणि ते कुठून बाहेर पडतं ते पाहायचं. सरकत्या खिडकीचा खालचा ट्रॅक म्हणजे आडवी पन्हळच असते. पावसाचं पाणी ब्रश आणि रबराच्या फटींतून त्यात येणार, हे बनवणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं. ते बाहेर जावं म्हणून चौकटीच्या बाहेरच्या अंगाला निचऱ्याची भोकं असतात. बैठकीच्या खिडकीत पाणी ओतलं, तर बाहेर एक थेंब आला नाही. बाहेरून पाहिलं तेव्हा कारण समोरच होतं: ग्रॅनाइटची पट्टी चौकटीच्या तळापेक्षा वर बसली होती, भोकं दगडाच्या मागे गाडली गेली होती आणि जी अर्धवट उघडी होती त्यांच्यावरून सिलिकॉनचा थर गेला होता. प्रत्येक थराबरोबर पाण्याची बाहेर जायची वाट बंद होत गेली आणि ते आत उलटू लागलं.

जिन्यावरच्या खिडकीत आणखी एक गोष्ट दिसली. तिथेही बाहेर काही येत नव्हतं, तरी ट्रॅकमधली पातळी खाली जात होती. खालची आणि उभी पट्टी जिथे ४५ अंशांत जुळतात, त्या कोपऱ्यांच्या सांध्यात सीलंट, म्हणजे फटी बुजवणारं सिलिकॉनसारखं द्रव्य, भरलेलं नव्हतं. पाणी तिथून थेट भिंतीत उतरत होतं. "भिंत पाणी पिते" ती अशी.

शेवटी नळीने पाणी मारून पाहिलं. इथे क्रम महत्त्वाचा: सुरुवात खालून करायची, एकेका पट्ट्यावर काही मिनिटं थांबायचं, मगच वर जायचं. वरून सुरू केलं तर ओघळ सगळीकडे पसरतात आणि कुठली फट दोषी हे कळत नाही. खालच्या कडेवर काही झालं नाही. उभ्या बाजूला चौकट आणि प्लास्टर यांच्या सांध्यावर पाणी येताच आत ओल उमटली. तिथलं सिलिकॉन नखाने सोललं तर पट्टीसारखं अख्खं निघालं, मागे सिमेंटची पांढरी भुकटी घेऊन. ते लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येत होता, हे आजींना आठवत होतं. आम्लयुक्त सिलिकॉनचा वास तसा असतो. काचेवर ते छान बसतं, पण सिमेंटच्या अल्कलीशी त्याची आम्लक्रिया होऊन पकड सुटते. भिंतीच्या सांध्याला न्यूट्रल, म्हणजे आम्ल न सोडणारं, सीलंट लागतं.

याच चाचणीत एक अनपेक्षित गोष्ट घडली. स्वयंपाकघरातली चिमणी चालू होती, दारं-खिडक्या बंद. बैठकीच्या ट्रॅकमध्ये साठलेलं पाणी अचानक बुडबुडायला लागलं. जे एक भोक अर्धवट उघडं होतं, त्यातून बाहेरची हवा पाण्यातून आत खेचली जात होती आणि बारीक तुषार कट्ट्यावर उडत होते. चिमणी बंद केली की बुडबुडे थांबत, चालू केली की पुन्हा सुरू. चिमणी बाहेर फेकते तेवढी हवा कुठून तरी आत यावीच लागते. दुसरी वाट नसेल तर ती खिडकीच्या भोकांतून येते आणि निचरा अडवते. वही उलटून पाहिली तेव्हा संध्याकाळच्या पावसात बैठकीत जास्त पाणी येण्याचं कोडं उलगडलं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, सगळं खरवडून पुन्हा नीट सिलिकॉन लावणं. झटपट आणि स्वस्त. पण निचरा बंद असताना कितीही चांगलं सीलंट आणलं तरी ट्रॅकमधलं पाणी आतच येणार. एकटा हा पर्याय लगेच बाद झाला.

दुसरा, सगळ्या चौकटी काढून, सिल नव्याने बसवून पुन्हा लावणं. तांत्रिकदृष्ट्या सर्वांत स्वच्छ. पण आतलं प्लास्टर, कडा, फरशीचे काठ सगळं फुटणार, आणि काढताना चौकट वाकण्याची भीती. राहत्या घरात हा मोठा उपद्व्याप.

तिसरा, दगड तसाच ठेवून चौकटीला थोडी वर नवी भोकं पाडणं. सोपं, पण भोकाच्या खालचं पाणी चौकटीच्या पोकळीत साठून राहणार. कोपऱ्यांचे सांधे पक्के असतील तरच हे चालतं.

चौथा, वरून छज्जा काढणं. घरमालकांचा कल याकडे होता. छज्जाचा उपयोग असतोच, आणि तो आधीच असता तर चांगलं झालं असतं. पण वाऱ्यावरचा पाऊस तिरपा येतो, उंच खिडकीच्या खालच्या भागाला छज्जा वाचवू शकत नाही. म्हणून त्याला आधी हात घालू नये, असं मी सुचवलं.

हवेच्या बाजूने दोन मतं होती. एक, आर्द्रता शोषणारं यंत्र आणायचं. दुसरं, हवा खेळती करायची. यंत्राने नव्या भिंतींमधलं पाणी काढायला मदत होते, पण स्वयंपाक, आंघोळ आणि श्वास यांतून रोज हवेत जाणारं पाणी ते बंद पडताच पुन्हा साठतं. चार-पाच माणसांच्या घरात हे पाणी दिवसाला साधारण ८ ते १० लिटर असतं.

एकच उपाय सगळ्या खिडक्यांना लावायचा नाही, असं ठरलं. निर्णयाचा हा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक खिडकीची तांब्याभर पाण्याची परीक्षा वेगळं सांगत होती, तर उपायही वेगळे असायला हवेत.

प्रत्यक्ष काम

बैठकीच्या दोन खिडक्यांत तिसरा पर्याय घेतला. कोपऱ्यांचे सांधे आतून साफ करून सीलंट भरलं, ट्रॅक पाण्याने भरून पातळी टिकते हे पाहिलं, आणि मगच दगडाच्या वर आडव्या खाचा पाडल्या: साधारण ५ मिमी उंच, ३० मिमी लांब. गोल बारीक भोक पाडायचा मोह होतो, कारण ड्रिल हाताशी असतं. पण लहान गोल भोकात पृष्ठताणामुळे पाणी अडून बसतं. आतल्या आणि बाहेरच्या खाचा एका रेषेत ठेवल्या नाहीत, म्हणजे वारा सरळ आत घुसत नाही.

जिन्यावर चौकट ठेवली, दगड काढला. नवी पट्टी खाली, बाहेरच्या बाजूला उताराची, भिंतीच्या पुढे सुमारे ४० मिमी आलेली आणि खालून पाणी तोडणारी खाच असलेली. ही खाच नसेल तर ओघळ दगडाच्या पोटाखालून परत भिंतीला येऊन मिळतो आणि खिडकीखाली तो ओळखीचा काळा डाग धरतो.

शयनखोलीची चौकट मात्र पूर्ण काढावीच लागली, कारण तिथे सिलचा उतार आतल्या बाजूला होता. निचरा सुधारला असता तरी त्या उतारावरून पाणी खोलीतच आलं असतं. चौकटीखाली पाणीरोधक थर घातला, दोन्ही टोकांना तो थोडा वर वळवला, मग चौकट बसवली.

भिंत आणि चौकट यांच्यातला सांधा तिन्ही ठिकाणी एकाच पद्धतीने केला. जुनं सिलिकॉन पूर्ण काढलं, फट मोकळी केली, तीत फोमची गोल दोरी दाबली आणि वर न्यूट्रल सीलंट भरलं. दोरीमुळे सीलंटची खोली रुंदीच्या साधारण निम्मी राहते आणि ते फक्त दोन बाजूंना चिकटतं. तळालाही चिकटलं तर ॲल्युमिनियम उन्हात प्रसरण पावताच ते फाटतं. जिथे निचऱ्याच्या खाचा होत्या, ती खालची कड जाणूनबुजून मोकळी सोडली. मिस्त्रीने दोनदा विचारलं, "इथं राहिलंय, भरू का?" त्याला ट्रॅकमधून वाहणारं पाणी दाखवलं, मग त्याने शेवटच्या खिडकीला ती जागा आपणहून पेन्सिलने खुणावून ठेवली.

पल्ल्यांचं रबर बदललं. आधीचं रबर बसवताना ताणलं गेलं होतं, त्यामुळे ते मागे सरकून कोपऱ्यांत फटी पडल्या होत्या. नवं थोडं जास्त लांब कापून, ढकलत बसवलं आणि कोपऱ्यांत चिकटवलं. दोन पल्ले एकमेकांवर येतात तिथे वर आणि खाली बसवायचे ठोकळे मुळात लावलेच नव्हते. तेही बसवले.

हवेचं काय केलं

थंडीतल्या पाण्याचं गणित घरच्यांसमोर मांडलं. खोलीत २२ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी थेंब धरू लागतं तो, १६ अंशांच्या आसपास येतो. बाहेर १० अंश असताना एकेरी काचेचा आतला पृष्ठभाग १३ अंशांच्या घरात असतो. म्हणजे काचेवर पाणी धरणारच, खिडकी कितीही पक्की असो. भिंतीच्या पृष्ठभागालगत आर्द्रता दीर्घकाळ ८० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला पुरेसं होतं.

त्यात घर नवं. एक घनमीटर काँक्रीटमध्ये साधारण १७० ते १८० लिटर पाणी पडतं, त्यातलं जवळपास निम्मंच सिमेंटच्या रासायनिक क्रियेत बांधलं जातं. बाकीचं हळूहळू हवेत येतं. प्लास्टर आणि फरशीखालच्या थराचं पाणी वेगळंच.

केलं ते एवढंच. शयनखोल्यांच्या खिडक्यांवर वरच्या बाजूला बंद-उघड करता येणारी अरुंद वायुफट बसवली. न्हाणीघराच्या पंख्याला थोडा वेळ उशिरा बंद होणारा टायमर लावला आणि दाराखाली १० मिमी फट सोडली, कारण हवा आत यायला जागा नसेल तर पंखा नुसता फिरतो. चिमणी लावली की स्वयंपाकघराची खिडकी चार बोटं उघडायची, असं ठरलं. कपाट बाहेरच्या भिंतीपासून ५० मिमी पुढे घेतलं. बैठकीत आणि शयनखोलीत आर्द्रता दाखवणारी छोटी घड्याळं ठेवली. ६० टक्क्यांच्या वर काटा गेला की समोरासमोरच्या खिडक्या दहा मिनिटं उघडायच्या. ही जबाबदारी धाकट्या मुलाने घेतली आणि तो ती फार काटेकोरपणे पाळतो.

निष्पत्ती

पुढचा पूर्ण पावसाळा बैठक आणि जिना कोरडे राहिले. थंडीत काचेवर पहाटे हलकं धुकं धरतं, पण ओघळ कट्ट्यावर येत नाहीत. कपाटामागे बुरशी परत आलेली नाही.

दोन गोष्टी मनासारख्या झाल्या नाहीत. खिडकीखालची भिंत पूर्ण वाळेपर्यंत रंग थांबवावा असं सुचवलं होतं. पण उघडी, डागाळलेली भिंत घरच्यांना बघवेना. त्यांनी वाफ बाहेर जाऊ न देणारा रंग लावला आणि काही आठवड्यांत त्याला फुगे आले. तो खरवडून नंतर पुन्हा करावा लागला.

दुसरी, शयनखोलीच्या मोठ्या खिडकीत अगदी जोराच्या वादळात अजूनही थोडं पाणी येतं. इथे दोष बसवण्याचा नाही. त्या ट्रॅकची आतली उभी कड २० मिमी आहे. ताशी सुमारे ६५ किलोमीटर वेगाचा वारा काचेवर जो दाब देतो, तो २० मिमी उंच पाण्याच्या स्तंभाइतका असतो. त्याहून जोरात वारा आला की बाहेरचा दाब पाण्याला खाचांतून बाहेर पडू देत नाही, ते कड ओलांडून आत येतं. ही गोष्ट मी काम सुरू करण्याआधीच लेखी दिली होती, त्यामुळे वाद झाला नाही. वादळात त्या कडेला जुना टॉवेल ठेवतात, आणि पुढेमागे तिथे कवाडासारखी उघडणारी, चारही बाजूंनी रबरावर दाबून बसणारी खिडकी बसवायचं त्यांनी ठरवलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, सिल. दगड आधी बसवून, त्याचा उतार तपासून, मग त्यावर चौकट ठेवली असती तर भोकं गाडली गेली नसती. हे कामाच्या क्रमाचं आहे, जास्तीच्या खर्चाचं नाही. बांधकामाच्या नकाशात खिडकीच्या खालच्या कडेचा एक उभा छेद काढून सगळ्या कारागिरांना दिला असता तरी पुरलं असतं.

दुसरं, वाऱ्याच्या बाजूची मोठी खिडकी निवडताना फक्त रंग आणि काचेची जाडी पाहिली गेली. खिडकी पाण्याचा किती दाब सहन करते, याचे वर्ग ठरलेले असतात. ईएन १२२०८ या युरोपीय मानकात ७ए वर्गाची खिडकी ३०० पास्कल दाबापर्यंत पाणी आत येऊ देत नाही, ९ए वर्गाची ६०० पर्यंत. खरेदीच्या वेळी हा वर्ग लेखी मागितला असता तर त्या जागी सरकती खिडकी बहुधा बसलीच नसती.

तिसरं, राहायला येण्याची घाई. फरशीखालच्या थराला ५० मिमी जाडीपर्यंत दर मिलिमीटरला साधारण एक दिवस वाळायला द्यावा, असा ठोकताळा आहे. तेवढं थांबणं प्रत्येक कुटुंबाला शक्य नसतं, हे मला मान्य आहे. पण मग पहिलं वर्षभर तरी घर बंद ठेवू नये आणि बाहेरच्या भिंतींना कपाटं चिकटवू नयेत, एवढं कंत्राटदाराने चावी देताना सांगायला हवं होतं.

आणि पहिल्या गळतीच्या दिवशी सिलिकॉनची नळी उघडण्याआधी ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतलं गेलं असतं, तर बैठकीतल्या दोन खिडक्यांचं काम एका दुपारी संपलं असतं. आता त्या घरी पावसाळ्याच्या तोंडावर ट्रॅकमधली माती जुन्या टूथब्रशने काढून हीच परीक्षा दरवर्षी घेतात. यंदा जिन्यावरच्या एका खाचेत कोळ्याचं जाळं निघालं.